आत किती होते?

रोज उजाडताना मनुबाई कोठडीच्या दाराशी यायची आणि विचारायची, "आज किती?" आकडा कळला की मागं वळायची, आणि कचेरीमागच्या छपरात तेवढ्या जणांच्या भाकरी थापायला बसायची. जतच्या वाटेवरच्या त्या लहानशा संस्थानात कैद्यांना जेवू घालायचं काम बारा वर्षं तिच्याकडं होतं.

आकडा सांगायचा पहारेकरी लालासाहेब. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्सात रस्ते बांधून आला होता.

सेहेचाळीसच्या श्रावणात एक सकाळ अशी आली की त्याला आकडा सांगवेना. "पाच," तो खाली बघत म्हणाला. पाचवा तिचाच नाथाजी होता. सांगलीच्या छापखान्यातलं काम सोडून पोरगा गावी आला होता, आणि राजेसाहेबांच्या शिकारीसाठी वेठीला जायचं नाही, असं त्यानं भर बाजारात सांगितलं होतं.

आठ दिवसांवर राजेसाहेबांचा वाढदिवस होता. त्या दिवशी शाळेला सुट्टी, पोरांना साखर, आणि माफी लिहून देईल त्या कैद्याची सुटका. संस्थानच्या कारभाऱ्यांनी माफीचा कागद मनुबाईच्याच हाती दिला. "आईचं ऐकेल तो," म्हणाले.

कागद दुरडीत भाकरीखाली ठेवून ती दाराशी आली, तेव्हा लालासाहेब म्हणाला, "वैनी, फ्रान्सातबी सुट्टी असायची. जुलैची चौदावी."

"तिथल्या राजाचा वाढदिवस?"

"आवं न्हाई! तिथं राजा म्हणंल तोच कायदा हुता. त्या दिवशी लोकं उठली आन तुरुंग फोडला. त्याची सुट्टी. लढाई चालू हुती, तरी आमच्या तळाजवळच्या म्हातारीनं दारात फुलं लावली हुती."

"आत किती होते?"

"आमचा दुभाषी म्हणायचा, सात."

"सातच?" मनुबाईनं दुरडी खाली ठेवली. "सात जणांसाठी सगळ्या मुलखाला सुट्टी? आन त्यांना भाकरी कोण द्यायचं?"

"ते न्हाई बा इचारलं," लालासाहेब हसला आणि त्यानं कुलूप काढलं.

नाथाजी जेवायला बसला. मनुबाई त्याच्याकडं बघत राहिली. पाच-सहा दिवसांतच त्याची गालफाडं वर आली होती. कागदावर सही केली की तो घरी येणार होता.

"नाथा, त्या फ्रान्सातल्या सातांनी माफी लिहून दिली हुती का रं?"

त्याचा घास हातातच राहिला. "मला काय ठावं? आये, तू सही घ्यायला आलीस का गोष्ट सांगायला?"

"भाकरी द्यायला आले," ती म्हणाली.

बाहेर येऊन तिनं बिनसहीचा कागद लालासाहेबाला दिला. "कारभाऱ्यांना सांगा, पोरगं जेवत हुतं. हात उष्टा हुता."

वाढदिवसाला एक कोंबडीचोर सुटला. दुसऱ्या दिवशी लालासाहेब म्हणाला, "चार." तिनं चौघांच्या भाकरी थापल्या. नाथाजीची दिवाळी आतच गेली; शिक्षा भोगून शिमग्याला तो घरी आला.

अठ्ठेचाळीसच्या मार्चमध्ये संस्थान विलीन झालं. त्यानंतर एका सकाळी लालासाहेब म्हणाला, "आज कुणी न्हाई, वैनी." तिला ते खरं वाटेना. आत डोकावून चारी कोपरे बघितले, तेव्हा कुठं ती घरी गेली.

त्या वर्षी वाढदिवसाला शाळा भरली. सुट्टी मिळाली ती पंधरा ऑगस्टला. मनुबाईनं गुरुजींना गाठलंच. "ही सुट्टी कुणाच्या वाढदिवसाची?"

"कुणाच्याच नाही, आजी."

"मग आत किती होते?"

गुरुजी गोंधळले. झेंड्याची दोरी धरून उभा असलेला नाथाजी मात्र हसला. "लय होते, आये. मीबी होतो."

पुढच्या हिवाळ्यात ती तापानं पडली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लालासाहेब आणि गल्लीतली माणसं विचारपूस करायला अंगणात जमली. पावलं ऐकून तिनं डोळे उघडले आणि उशाशी बसलेल्या सुनेला म्हणाली, "विजयमाला, भायेर किती हाईत बघ. पीठ त्या मानानं घे."