भिंतीपलीकडची लिफ्ट

माझ्या ताईच्या नवऱ्याला गल्लीत ओळंबा म्हणत. परक्याच्या घरातलं घड्याळ केसभर तिरकं दिसलं तरी उठून सरळ करणारा माणूस, त्याचं दुसरं काय नाव पडणार? मी त्यांना भाऊजी म्हणायचो. त्यांच्या पान्यांच्या फळीवर प्रत्येक पान्याच्या जागी त्याची आकृती रंगवलेली असायची. मी वेल्डर. माझ्या दुकानात हातोडा शोधण्यात अर्धी सकाळ जाते आणि मला त्याचं काही वाटत नाही, त्यामुळे आमचं फारसं जमायचं नाही. पण इतकं जपून काम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. म्हणूनच जे झालं त्याचा मला अजून राग येतो.

भाऊजी एका मोठ्या गॅरेजात मेकॅनिक होते. वर्षानुवर्षं गाड्यांखाली पाठीवर झोपून काम केलं आणि शेवटी पाठीनेच हात टेकले. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे काम उभ्यानं करा, नाहीतर धंदा सोडा. त्याच सुमारास त्यांच्या आईला झटका आला. तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. बिछान्यात पडून तिच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दिवसभर कोणीतरी तिला कुशीवर वळवत राहणं भाग होतं. ताई रुग्णालयाच्या धुलाई विभागात कामाला, तिला घरी थांबता येत नव्हतं. नातेवाइकांचं मत पडलं की म्हातारीला एखाद्या संस्थेत ठेवावं. सल्ला द्यायला काय जातं? भाऊजी एक संस्था बघून आले, जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, घरीच वर्कशॉप काढायचं. लिफ्ट बसवायची, गाडी डोक्याच्या वर उचलायची आणि खाली उभं राहून काम करायचं. लिफ्ट बसली तर आई घरी राहणार, नाही बसली तर आई जाणार. सगळं त्या एका यंत्रावर येऊन ठेपलं होतं.

मग त्यांनी जुना बाजार पालथा घातला. बंद पडलेल्या गॅरेजांतून एकेक वस्तू आणली. कॉम्प्रेसर आणला, त्याची टाकी गळते का ते साबणाचं पाणी लावून तासन्‌तास बघत बसले. लोखंड पकडायचा गंजलेला शिकंजा आणला आणि घासून असा चकचकीत केला की ताई म्हणाली, आता हा दिवाणखान्यात मांडू या. लिफ्ट मिळाली ती धंदा गुंडाळणाऱ्या एका म्हाताऱ्या गॅरेजवाल्याकडे. दोन खांबांची, भक्कम, पण पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात उभी. आम्ही ती सुटी करून टेम्पोत घातली. खांब घसरू नयेत म्हणून मला मागे त्यांच्याजवळ बसवलं. मी घसरलो असतो तर चाललं असतं.

घरामागच्या शेडची जमीन म्हणजे नुसता सिमेंटचा पापुद्रा होता. तो फोडून खोल खणलं, सळ्या बांधल्या, काँक्रीट ओतलं. ते सुकायच्या आत खांब उभे करू म्हणून मी मागे लागलो होतो. भाऊजी रोज सकाळी त्यावर पाणी मारायचे आणि माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. दरम्यान मी शेडचं छप्पर कापून उंच केलं, तेव्हा ते खालून वेल्डिंगच्या चुका दाखवत होते. एकदा तर मी काम टाकून घरी निघून गेलो. शेवटी खांब उभे राहिले. ओळंबा लावून, बुडाशी पातळ पत्र्याचे तुकडे सरकवून, बोल्ट मापात आवळून. त्यांनी तेल बदललं, नळ्या तपासल्या, आणि पहिल्यांदा माझी खटारा व्हॅन वर चढवून रात्रभर तशीच ठेवली. काही पडायचं असेल तर ते तुझं पडू दे, असं म्हणाले. सबंध आयुष्यात मी त्यांच्या तोंडून ऐकलेला तो एकच विनोद.

त्या लिफ्टच्या दोन्ही खांबांत खटके होते. गाडी वर जाताना ते एकेका खाचेत पडत जातात, खट, खट, खट. हव्या त्या उंचीला गेली की गाडी जराशी खाली आणून त्या खटक्यांवर टेकवायची, म्हणजे भार गाडी उचलणाऱ्या तेलाच्या दाबावर न राहता लोखंडावर येतो. नळी फुटली तरी गाडी जागची हलत नाही. भाऊजी हे इतक्यांदा सांगायचे की माझे कान किटले. तेलावर भरवसा ठेवायचा नाही, हे त्यांचं वाक्य.

काही महिने फार चांगले गेले. गिऱ्हाईक मिळालं. भाऊजी ताठ उभे राहून काम करायचे, मध्येच हात धुऊन आईच्या खोलीत जायचे, तिला वळवायचे, पाणी पाजायचे आणि परत यायचे. शेड आणि तिची खोली यांच्यात एकच भिंत होती. म्हातारीच्या डाव्या हाताशी एक चमचा ठेवला होता, काही लागलं की ती तो पलंगाच्या दांडीवर आपटायची.

मग ताईला एक गोष्ट खुपायला लागली. सुट्टीच्या दिवशी ती सासूच्या उशाशी बसायची, तेव्हा तिने पाहिलं की भिंतीपलीकडे खटके वाजले की म्हातारीचे डोळे उघडतात. दर वेळी. ती भाऊजींना म्हणाली की आईंचा जरा डोळा लागतो आणि हे सुरू होतं, काहीतरी करा. आईचं नाव निघालं की त्या माणसाचा नाइलाज व्हायचा. खटके मागे ओढणारी एक दोरी असते, गाडी खाली उतरवताना लागणारी. भाऊजींनी ती तारेने ताणून बांधली. आता खटके खाचांत पडायचे नाहीत, गाडी बिनआवाज वर जायची. वर पोचली की तार सोडायची आणि गाडी हळूच खटक्यांवर टेकवायची, असं त्यांनी ठरवलं.

मी ते पाहिलं तेव्हा माझा विश्वास बसेना.

"भाऊजी, हे तुम्ही करताय?"

"तार सोडल्याशिवाय मी गाडीखाली जात नाही," ते म्हणाले. "तू तुझं बघ."

आणि खरंच ते सोडायचे. मी अनेकदा पाहिलं. आवाज थांबल्यामुळे ताईलाही बरं वाटलं. फक्त म्हातारीचं चमचा आपटणं वाढलं. भाऊजी धावत जायचे तर तिला काहीच नको असायचं, नुसती बघत राहायची. आम्ही म्हटलं, आजारपण आहे, चालायचंच.

त्या दिवशी लिफ्टवर एका टॅक्सीवाल्याची गाडी होती. भाऊजींनी ती वर नेली आणि तेवढ्यात चमचा वाजला असणार. आत गेले, आईला वळवलं, पाणी पाजलं, परत आले आणि गाडीखाली शिरले. एका नळीचा जोड निसटला. शेजारणीने मला फोन केला, मी जॅक घेऊन पळत गेलो, गाडी उचलली. भाऊजी गेले होते. तार बांधलेलीच होती. आतल्या खोलीत म्हातारी डाव्या कुशीवर होती, पाठीशी उशी नीट लावलेली, आणि पेला अजून ओला होता. ती उजव्या हातासारखाच डावा हातही मेल्यागत टाकून पडली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

ताईने ती तार पाहिली. मला ताईचा भयंकर राग आला, आणि तिचं तोंड बघून तो बोलून दाखवायची हिंमत झाली नाही. आजवर आम्ही दोघांनी त्या तारेचा विषय काढलेला नाही. तिने नोकरी सोडली. नातेवाइकांनी पुन्हा संस्थेची गोष्ट काढली तेव्हा तिने त्यांना दारातूनच वाटेला लावलं. घरी कपडे शिवायला लागली आणि सासूला स्वतः वळवायला लागली.

बोलण्याचे व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांच्या चिकाटीने म्हातारीला हळूहळू शब्द फुटायला लागले, तुटक, पण कळण्याजोगे. एका दुपारी मी तिथे होतो. ताई चादर बदलत होती.

"आवाज," म्हातारी म्हणाली. "का बंद केला?"

"कसला आवाज, आई?"

तिने चमचा उचलून दांडीवर वाजवला. खट, खट, खट.

"तो ऐकला की कळायचं, आहे पलीकडे. मग झोप लागायची." ती दमली, थांबली, पुन्हा बोलायला लागली. "बंद झाला. मग मी उगाच बोलवायची. काही नको असायचं. आहे का, एवढंच बघायला."

ताईच्या हातात चादरीचं टोक तसंच राहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांनाही त्याच क्षणी कळलं की त्या दिवशीही म्हातारीला काही नको होतं. त्या चमच्यापायी तार सोडायची राहिली, हे तिला कळलं नव्हतं. कळू द्यायचं नव्हतं.

"खटके जुने झाले होते, आई," ताई म्हणाली. "वाजेनासे झाले होते."

मग तिने सासूच्या पाठीखाली हात घातला आणि तिला कुशीवर वळवलं. म्हातारीचं तोंड आता त्या भिंतीकडे आलं, आणि ती डोळे उघडे ठेवून पडून राहिली.