नसलेल्या चिंचेपासून उजवीकडे

पनवेलमध्ये पत्ता विचारलात तर लोक नसलेल्या गोष्टींवरून सांगतात. ‘थिएटर होतं ना, त्याच्या समोर.’ ‘जुन्या नाक्याच्या अलीकडे.’ ‘तिथे पूर्वी विहीर होती, तिला वळसा घालून.’ थिएटर पडलं, नाका उठला, विहिरीवर पार्किंग आलं. पत्ते तेच राहिले. नवा माणूस गोंधळतो. आम्हाला सवय आहे.

या सवयीमुळेच काशीकाकांचं काय होतंय ते आमच्या लक्षात आलं नाही.

काशीराम केणी. सत्तरीचे, काटक, खाकी सदऱ्याची वरची गुंडी कायम तुटलेली. मिठागरात राबणाऱ्या घरात जन्मले. मिठागर भरावाखाली गेलं. त्याबदल्यात कामोठ्यात प्लॉट मिळाला आणि पुतण्याने, धनेशने, त्यावर इमारत बांधली. तिसऱ्या मजल्यावर धनेश, चौथ्या मजल्यावर काका आणि मालूकाकी. मूलबाळ नाही. भाडं येत होतं. रिक्षा चालवायची काही गरज नव्हती.

‘मग काय घरात बसून भिंतींशी बोलू?’ काका म्हणायचे.

मी फुजैल. पनवेलच्या मोहल्ल्यात राहतो. मराठी घेऊन एम.ए. झालो, नोकरी मिळाली नाही. मुंबईची माणसं रविवारी जुनं पनवेल बघायला यायला लागली होती. तळी, मशिदी, देवळं, बेने इस्रायली ज्यूंचं सिनेगॉग, अरुंद आळ्या. मी त्यांना फिरवायला लागलो. रिक्षा काकांची.

‘फुजू, तू वर्सं सांग,’ काकांनी पहिल्याच दिवशी वाटणी करून टाकली. ‘मी भांडनं सांगतो.’

आणि खरंच सांगायचे. कुठल्या आळीत कुणी कुणाच्या अंगणात पाणी सोडलं. कुठल्या वरातीत घोडाच पळाला. लोक हसून लोळायचे.

मध्येच काकांचा फोन वाजायचा. तो वरच्या खिशात असायचा, स्पीकर चालू.

‘अवो, कुटं हाव?’ मालूकाकी.

‘तल्यावर.’

‘कुटल्या तल्यावर? देऊल दिसतं का?’

‘दिसतं.’

‘मग देऊल उजव्या हाताला ठेवा आनि सरल जा.’

पाहुणे गालातल्या गालात हसायचे. ‘काका, बायको फार जपते तुम्हाला.’

‘जपत नाय, पहारा करते,’ काका म्हणायचे. ‘म्हातारपनी कोन पलवील मना म्हनून.’

मीही हसायचो. प्रत्येक वळणावर तो फोन का येतो, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

हिवाळ्यात एकदा काका पाहुण्यांना खाडीच्या बाजूला घेऊन गेले. तिथे भरावावर टॉवर उभे आहेत. एका टॉवरच्या फाटकाशी त्यांनी रिक्षा थांबवली. उतरले. वॉचमनला म्हणाले, ‘दार उघड. बाबूस आत हाय.’

बाबूस म्हणजे वडील. आगरी घरांत असंच म्हणतात.

‘कौन अंदर है? फ्लॅट नंबर बोलो,’ वॉचमन म्हणाला.

‘कवाचा हाका मारतोय. दार उघड.’

त्यांनी दोन्ही हातांनी फाटक धरलं आणि हलवलं. मी मागून म्हणालो, ‘इथे यांच्या वडिलांचं मिठागर होतं.’ पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी डोळे पुसले. काका टाळ्यांकडे बघत राहिले. हे लोक कोण आहेत, असं काहीतरी त्यांच्या तोंडावर होतं. मला तो अभिनय वाटला. चांगला वाटला.

गेल्या महिन्यात पार्ल्याहून दोघी बहिणी आल्या. वसुंधराबाई आणि आशालताबाई. दोघी निवृत्त. लहानपणी पनवेलला राहिलेल्या. आल्या आल्या भांडायला लागल्या.

‘आपलं घर पोस्टासमोर होतं.’

‘पोस्टासमोर दामलेंचं होतं गं वसू. आपलं पिठाच्या गिरणीशेजारी.’

‘गिरणी पोस्टासमोरच होती!’

‘बाय,’ काका मागे वळून म्हणाले, ‘दोन्ही नाय आता. बिंदास भांडा.’

सकाळ छान गेली. घर सापडलं नाही. त्याच्या जागी मोबाइलचं दुकान होतं. बहिणींनी त्या दुकानासमोर उभं राहून फोटो काढला आणि दुकानदाराला काही कळेना. मग वसुंधराबाईंना आजोबांची आमराई आठवली. पळस्प्याच्या पुढे, गोव्याच्या रस्त्याला.

‘नाक्यावर मोठी चिंच होती,’ त्या म्हणाल्या. ‘तिथून उजवीकडे.’

‘ती चिंच मना ठावं हाय,’ काका म्हणाले.

आम्ही निघालो. मी मागे, दोघींच्या मध्ये अंग चोरून. वाटेत काकींचा फोन आला. ‘कुटं हाव?’ काका म्हणाले, ‘पळस्प्याला चाललो.’ काकींचा आवाज चढला. ‘पळस्प्याला? अवो नको. माघारी फिरा. फुजूला फोन द्या. फु—’

आवाज तुटला. काकांनी खिशातून फोन काढून बघितला. बॅटरी गेली होती. त्यांनी तो परत खिशात ठेवला.

त्यानंतर ते बोलले नाहीत.

मान पुढे काढून ते रस्त्याच्या कडेला काहीतरी शोधत होते. रिक्षा हळू झाली. मागून हॉर्न वाजायला लागले. पळस्प्याला आता चिंच नाही. पूल आहेत. एकावर एक रस्ते आहेत, आणि त्यांवरून बंदराकडचे कंटेनर रात्रंदिवस धावत असतात.

‘काका, डावीकडून घ्या,’ मी म्हणालो. ‘पुलाखालून.’

‘चिंच येऊ दे.’

‘चिंच नाहीये, काका.’

‘येईल.’

आणि त्यांनी एकदम उजवीकडे वळवलं.

तो पुलावरून खाली उतरणारा रस्ता होता. आम्ही त्यावरून वर चढत होतो. समोरून एक गाडी आली, हॉर्न देत बाजूने निसटली. वसुंधराबाई ओरडल्या. मी काकांचा खांदा धरला. ‘काका, उलटी बाजू आहे! थांबा!’

ते थांबले. अगदी मध्येच. इंजिन बंद केलं. दोन्ही हात हँडलवर तसेच.

वर पुलाचं वळण होतं. त्याच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. ऐकू येत होतं. जड गाडीचा घरघराट जवळ येत होता.

काकांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. ‘पोरा,’ ते म्हणाले, ‘मी कुटं हाय?’

त्यांनी मला फुजू म्हटलं नाही.

आशालताबाईंना ओलांडून मी उडी मारली. आशालताबाई मागोमाग उतरल्या, बहिणीला ओढून कठड्याशी उभं केलं आणि येऊन काकांचा हात धरला. ‘उतरा बघू,’ त्या लहान मुलाशी बोलावं तसं बोलल्या. ‘इथेच आहे चिंच. या, सावलीत या.’ काका मुकाट उतरले. मी रिक्षा न्यूट्रल केली आणि ढकलली. ती कठड्याला घासली तेवढ्यात वळणावरून कंटेनर आला. त्याचा वारा तोंडावर बसला. ड्रायव्हरने खिडकीतून शिवी दिली. मी ती शिवी पूर्ण ऐकली. आपण जिवंत आहोत एवढंच मला तिच्यावरून कळलं.

काका कठड्याला पाठ लावून बसले होते. त्यांच्या पँटवर ओला डाग पसरत होता. आशालताबाईंनी आपली ओढणी काढून त्यांच्या मांडीवर टाकली.

‘किती दिवस असे आहेत हे?’ त्यांनी मला विचारलं.

मला फाटक आठवलं. टाळ्या आठवल्या.

आम्ही कडेकडेने चालत खाली उतरलो. एका पंक्चरवाल्याच्या हातापाया पडून रिक्षा खाली आणवली, त्याच्याच दुकानाशी ठेवली आणि दुसरी रिक्षा केली. आमराईचं नाव कुणी काढलं नाही. स्टेशनवर उतरताना आशालताबाई म्हणाल्या, ‘गाडी हातात देऊ नका. आणि एकटं सोडू नका. माझे यजमान तीन वर्षं असे होते.’ वसुंधराबाई तोंड फिरवून रडत होत्या.

कामोठ्याला पोचलो तेव्हा मालूकाकी जिन्यातच उभ्या होत्या. त्यांनी काकांच्या कमरेला गुंडाळलेली ओढणी पाहिली. त्यांना आत नेलं, अंघोळ घातली, पेज भरवली. मग स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन बसल्या.

‘केव्हापासून, काकी?’

‘गेल्या गनपतीपासून. तवा मना दूदवाला समजले.’ त्या हसायला गेल्या, जमलं नाही. ‘मग मी फोन करायला लागले. रस्ता मना पाठ हाय ना. इथून सांगायची, तिथून ते वलवायचे. येवढं दिस चाललं.’

‘कुणाला सांगितलं का नाही?’

‘धनेशला कललं तर तो यांना आश्रमात टाकील. नायतर खोलीत. मी शबूद दिलाय, कडी लावनार नाय.’

मग त्यांनी बाबूसचं सांगितलं. काकांचे वडील म्हातारपणी असेच झाले होते. उठायचे आणि मिठागराच्या बांधाकडे चालू लागायचे. एकदा भरतीत सापडले, गळ्याइतक्या पाण्यातून काढले. घरात तरणा माणूस एकच, काशीराम. त्यांनी वडिलांना मागच्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी लावली. म्हातारा आतून दार वाजवायचा. ‘काशी, कडी काढ रं. काशी, मी हाय आत.’ सगळं गाव ऐकायचं. एका दुपारी आवाज थांबला. तेव्हा काकांनी कडी काढली.

‘लग्नात मना बोलले, म्हातारा झालो तर मारून टाक, पन कडी लावू नको.’

बाहेर दाराचा आवाज झाला. आम्ही धावलो. काका जिन्यात होते, चप्पल न घालता. ‘गाडी तिकडं एकटी हाय,’ ते म्हणाले. ‘आनतो.’ समजावून आत आणलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ते खालच्या मजल्यापर्यंत पोचले. धनेशच्या दाराशी. काकींनी पदर तोंडात धरला होता. हायवे तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

काकांना पलंगावर बसवून काकींनी मला दाराबाहेर जिन्यात उभं केलं. लोखंडी जाळीचं दार त्यांनी आतून ओढून घेतलं. जाळीतून हात काढून किल्ली माझ्या हातात दिली.

‘तू लाव.’

‘काकी—’

‘माज्या हातून नाय व्हायचं. आनि किल्ली तुज्याकडंच ठेव. मी कुटं पन लपवली तरी त्यांना सापडते.’

‘तुम्ही पण आत अडकाल.’

‘मी आतच हाय ना. शबूद तेवढाच उरलाय. एकट्याला नाय कोंडलं.’ त्यांनी जाळीला कपाळ टेकलं. ‘सकालीच ये. विसरू नको रं.’

मी किल्ली फिरवली. खट्ट आवाज झाला. तो एवढा मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं.

आतलं लाकडी दार लागलं. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा होतो. खाली धनेशच्या घरात टीव्ही चालू होता. किल्ली मुठीत गरम झाली होती. आग लागली तर? काकींना काही झालं तर? मी उतरू शकत नव्हतो.

मग थाप पडली. एक. थांबून दुसरी. मग सारख्या पडत राहिल्या. लाकडी दार उघडलं गेलं. जाळीमागे काका होते. दोन्ही हातांनी जाळी धरलेली, त्या फाटकासारखी. मागे काकी त्यांचा सदरा ओढत होत्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं. पण मला नाही.

‘काशी,’ ते म्हणाले, ‘कडी काढ रं.’

काकींचे हात गळून पडले.

‘काशी, मी हाय आत.’

खालचा टीव्ही बंद झाला. धनेशचं दार करकरलं. जिन्यातून त्याचा आवाज आला, ‘काकी? वर काय चाललंय?’

आता त्याला कळणार होतं. ‘काही नाही’ म्हणून मी त्याला परत पाठवलं, तरच कदाचित कळणार नव्हतं. कुलूप तसंच ठेवलं तर काका सकाळपर्यंत तरी जिवंत राहतील, हेही मला माहीत होतं. उघडलं तर पुढे काय, हे माहीत नव्हतं.

‘काशी.’

मी किल्ली कुलपाला लावली.

‘आलो, बाबूस,’ मी म्हणालो.