किटलीतलं दूध

सासूबाई गॅसचं बटण फिरवून शेगडी पेटवायला विसरल्या, त्यानंतर आमच्याकडे इलेक्ट्रिक किटली आली. त्यांना आता वास येत नाही. मी कामावरून परतले तेव्हा जिन्यातच गॅसचा दर्प होता आणि आत त्या निवांत लसूण सोलत बसल्या होत्या. तेव्हापासून घराबाहेर पडताना मी रेग्युलेटरच काढून ठेवते. वाटलं, सुटले. झालं आगीतून फुफाट्यात.

किटली पाण्यासाठी असते आणि आमच्याकडे पाहुण्याला पाण्याचा चहा देत नाहीत. निव्वळ दुधाचा द्यायचा, आलं ठेचून, साखर सढळ हाताने. सासूबाई दूध, साखर, चहाची पावडर सगळं थेट किटलीत ओतायच्या. निम्मं दूध उतू जायचं, उरलेलं तळाला करपायचं. आम्ही कराडला लागून मलकापुरात राहायला आलो तरी गावाकडची माणसं दवाखान्याला नाहीतर बाजाराला कराडात येतात आणि दुपारी आमच्याकडे टेकतात. म्हणजे करपणंही रोजचंच. दिवसभर काउंटरवर लोकांशी डोकं लावून आल्यावर मी किटलीत खायच्या सोड्याचं पाणी उकळायचे, लाकडी चमच्याने तळ खरवडायचे, खालची बैठक घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचे. ही वस्तू नळाखाली धरायचीही सोय नाही. वैताग नुसता.

एका संध्याकाळी मी भडकलेच. सासूबाईंना मी आत्या म्हणते. "आवं आत्या, ह्यात फक्त पाणी! दुधाची पावडर वरनं घाला. शॉक बसला म्हंजे?"

दुसऱ्या दिवसापासून किटली लख्ख राहू लागली. मला इतकं बरं वाटलं, की मी कारणसुद्धा विचारलं नाही.

मग एका शनिवारी लवकर सुटले. घरी आले तर उंब्रजच्या मावशी, सासूबाईंची धाकटी बहीण, दारात चपला घालत होत्या. आतून सासूबाई म्हणाल्या, "थांब की गं जरा. सूनबाई आली म्हंजे चहा हुईल. मला आता जमत न्हाई."

जन्मभर कुणाला चहाशिवाय उंबऱ्याबाहेर न सोडलेली बाई सख्ख्या बहिणीला हे सांगत होती, खाली बघून. मला गलबलून आलं. आणि खरं सांगते, दमल्यासारखंही झालं, कारण आता काय करावं लागणार ते मला कळलं होतं.

मावशींना हाताला धरून परत आत बसवलं. फ्रिजमधलं दूध काढून सासूबाईंच्या हातात दिलं आणि किटली पुढ्यात ठेवली.

"घाला दूध. निम्म्याच्या वर नको, अन् उकळी दिसली की आधी बटण बंद."

त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. "अन् करपलं म्हंजे?"

"करपू द्या आत्या. मी हाय घासायला."