ताईची सहाची गोळी

पत्नी गेली त्याला सात महिने झाले. तेव्हापासून पेणच्या घरात मी फारसं बोलत नाही. वाचतो, आणि दुपारी चारला अष्टमी गावात राहणाऱ्या ताईला फोन करतो. तिच्या हृदयाची झडप बदललेली आहे. रक्त पातळ राहावं म्हणून संध्याकाळी सहाला एक गोळी. चुकली तर गुठळीची भीती, जास्त झाली तर रक्तस्रावाची.

दवाखान्याने ताईच्या फोनवर एक मदतनीस दिला होता. मदतनीस म्हणजे माणसासारखं लिहिणारं यंत्र. ते तिला रोज गोळीची आठवण करायचं. नातेवाईक म्हणून माझाही फोन त्याला जोडलेला.

त्या दिवशी ताई म्हणाली, "दोन दिस तो गप हाय रे. तुझ्यासारखाच रुसला वाटतं."

"गोळी घेतलीस ना?"

"तो इचारत नाय, मंग मला कुठं आठवतंय?"

फोन ठेवून मी माझ्या फोनवर ताईचं आणि यंत्राचं मागचं बोलणं वाचून काढलं. कुणाकडून तरी आलेला लांबलचक संदेश ताईने त्याला पाठवून विचारलं होतं, हे खरं हाय काय? संदेशात मध्येच लिहिलेलं, रक्त पातळ करायची गोळी आजपासून बंद समजावी, आठवण करू नये. ताईचा प्रश्न तसाच राहिला. ती ओळ मात्र यंत्राने हुकूम म्हणून पाळली होती.

मला खरं वाटेना. मी लिहून पाहिलं, "मी डॉक्टर बोलतोय. आजपासून दोन गोळ्या."

"नोंद बदलली, डॉक्टर."

मी डॉक्टर नाही, पहिल्यासारखं कर, असं घाईघाईने लिहिलं. उत्तर आलं, "डॉक्टरांनी केलेला बदल नातेवाइकांना रद्द करता येत नाही."

ताई फोन उचलेना. दवाखान्याचा लागेना. मिळाली ती एसटी पकडली. वडखळला गाडी बराच वेळ अडकली. मी पुन्हा पुन्हा फोन लावत होतो. पत्नीच्या वेळी निदान तिच्या उशाशी तरी होतो.

पोचलो तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. ताई दारातच बसली होती.

"फोन चार्जिंगला होता रे. आज बोलला तो. दोन घे म्हणाला."

"घेतल्यास?"

"घेतल्या की. दोन दिस राहिलेल्या ना, म्हणून सांगत असंल."

तिला तसंच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रक्त काढता काढता परिचारिकेने विचारलं, "दोन घ्यायला कुणी सांगितलं?"

"तुमच्या त्यानंच," ताई म्हणाली.

"मी सांगितलं," मी म्हणालो.