पान त्रेसष्टवरची दोन छिद्रं

ग्रंथालयाच्या तळघरात पुस्तकबांधणीची खोली आहे. तिथे चौतीस वर्षं मामा किड्यांनी खाल्लेली पुस्तकं दुरुस्त करत आले आहेत. जुना कागद भिजवायचा, वाटायचा, त्याचा लगदा चिमट्याने छिद्रात भरायचा, दाबायचा, वाळवायचा. म्हणून नाव पडलं लगदामामा. आपण बुजवलेलं छिद्र नंतर आपल्यालाही सापडत नाही, याचा त्यांना अभिमान आहे. बोलून दाखवत नाहीत एवढंच. बायको म्हणते, "यांच्यासमोर चाळणी ठेवायची सोय नाही. बुजवून ठेवतील."

त्याच खोलीत शिवणमावशी बसतात. पानांचे जुडगे दोऱ्याने शिवणं हे त्यांचं काम. मामांना टोमणे मारणं हा त्याच कामाचा भाग.

त्या दिवशी चार वाजता एक मुलगी आपला बांधलेला प्रबंध न्यायला आली. भौतिकशास्त्रातला प्रबंध, सात वर्षांचा. मुदत तीनदा वाढवून मिळाली होती, चौथ्यांदा मिळणार नव्हती. पाचला वरच्या मजल्यावरची प्रबंध स्वीकारण्याची खिडकी बंद होणार होती. तिने पान त्रेसष्ट उघडलं. ते दुप्पट रुंदीचं, घडीचं पान होतं. तिने घडी उलगडली, मिटली, पुन्हा उलगडली.

"मामा, यातली छिद्रं कुठे गेली?"

मामा खुलले. "बुजवली. सापडतात का बघा."

ती तिपाईवर बसलीच. मामांनी तिचीच चिठ्ठी तिच्यापुढे धरली. 'पान ६३. कृमिविवरे दोन. जपून.' कृमी म्हणजे किडा, विवर म्हणजे भोक. चौतीस वर्षांत त्यांना इतकी नेमकी तक्रार कुणी लिहून दिली नव्हती.

"जपूनच केलं, ताई."

"ती किड्याची नव्हती. मी पाडली होती."

"पुस्तकाला? तुम्ही?"

मावशींची सुई थांबली.

मुलीने पान पसरलं. "हे आकाश समजा. या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रकाशालाही लाखो वर्षं लागतात. आता घडी घातली. दोन्ही छिद्रं एकावर एक आली. इथून शिरलं की तिथे निघालं. याला कृमिविवर म्हणतात. कुणी पाहिलेलं नाही. फक्त गणितात आहे."

"दोन्ही तोंडं सारखीच?" मामांनी विचारलं.

"माझ्या आकृतीत नाही. एक कृष्णविवर. त्यात गेलं ते त्याच तोंडाने बाहेर येत नाही. दुसरं श्वेतविवर. त्यातून नुसतं बाहेर येतं, आत काही जाऊच शकत नाही."

"म्हणजे आपल्या ग्रंथपालसाहेबांचं तोंड," मावशी म्हणाल्या.

मुलीला हसू आलं, आणि हसताहसताच डोळे भरले. आकृतीत त्या दोन छिद्रांशिवाय काही नव्हतंच. परीक्षक पान उघडणार आणि कोरा कागद बघणार.

"नवीन पान घालता येईल?"

"शिवण उसवावी लागेल," मावशी म्हणाल्या. "दोन तास. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे लावायचं म्हणतात. मामांनी शोधून लावलं."

मामांनी पान स्वतःकडे ओढलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "ती छिद्रं उघडी कशी राहतात?"

"राहत नाहीत. तेच तर लिहिलंय सात वर्षं. प्रकाश पार होण्याआधीच मधला गळा मिटतो. उघडा ठेवायचा तर आतून बाहेर रेटणारं, उलट्या स्वभावाचं द्रव्य लागतं. तसं पुरेसं कुणाला मिळालेलं नाही."

उलट्या स्वभावाचं. मामांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. या बोटांनी आजवर स्वतःचं काम कधी मोडलं नव्हतं. त्यांनी दाभण घेतलं, मुलीला उठवून तिपाई खिडकीखाली ओढली. तळघराची खिडकी उंच आहे; तिच्यातून रस्त्यावरचे पाय तेवढे दिसतात. ते तिपाईवर चढले.

"मावशी, पुस्तक धरा. वर. अजून."

पान उजेडासमोर आलं. लगदा भरलेली जागा केसभर गडद दिसते, पण ती कुठे शोधायची हे माहीत असावं लागतं. मामांना माहीत नव्हतं. कुणालाही सापडू नये अशाच बेताने त्यांनी ती केली होती. घड्याळात साडेचार वाजले. मुलगी नखं खात होती. शेवटी त्यांना एक वर्तुळ दिसलं, अगदी फिकट, आणि स्वतःवरच राग यावा इतकं सुबक. कडेकडेने त्यांनी दाभण फिरवलं. लगदा अजून पुरता मुरला नव्हता म्हणून निभावलं. एक चकती पडली. पहिल्याच्या मापाने घडी घालून दुसरी काढली. दुसऱ्याची कड जराशी फाटली.

"फाटलं," मामा म्हणाले. असं त्यांनी या खोलीत पहिल्यांदाच कबूल केलं असावं.

"असू दे, मामा," मुलगी म्हणाली. तिने घडी मिटून पान डोळ्याला लावलं, आरपार पाहिलं आणि जिन्याकडे धावली.

पाचला पाच कमी असताना जिन्याच्या वरच्या पायरीवरून मुलीचा आवाज आला, "घेतला प्रबंध."

मामांनी एक जुनी हजेरीवही पुढे ओढली. किड्याने तिला पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत सरळ आरपार भोक पाडलं होतं. त्यांनी चिमटा उचलला. मग वही उचलून खिडकीकडे धरली.

"बुजवत नाही?" मावशींनी विचारलं.

"थांबा हो. पलीकडे काय दिसतंय ते बघू दे."

"काय दिसतंय?"

"कुणाच्या तरी चपला."