दाढीवाल्या तिघांसमोर

माझ्या आईनं आयुष्यात कुठल्याही देवासमोर हात जोडलेले नाहीत. लहानपणी मला टायफॉइड झाला तेव्हा शेजारच्या काकूंनी कुठल्याशा देवीचा अंगारा पाठवला. आईनं तो परत पाठवला आणि सोबत आमच्या डॉक्टरांचा पत्ताही पाठवला, न जाणो काकूंना लागला तर. नागपुरात ती शाळेत बाई होती. सरस्वतीपूजनाच्या दिवशी रजा घ्यायची नाही, पण पूजेच्या वेळी सगळ्यांत मागे उभी राहून मुलांच्या रांगा सरळ करायची. मुख्याध्यापक बदलत गेले, आई मागेच उभी राहिली.

हे आधीच सांगते, कारण याच बाईनं चीनमधल्या ग्वांगझो शहरात तीन दाढीवाल्या देवांसमोर गुडघे टेकून अख्खी बुद्धवंदना म्हटली, आणि त्याचा फोटो मी काढला.

मी जर्सी सिटीत राहते. आई सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती आणि तेवढ्यात माझ्या ऑफिसनं मला आठवड्याभरासाठी ग्वांगझोला जायला सांगितलं. आई म्हणाली, मीपण येते. मला वाटलं गंमत करते आहे. आई गंमत करत नाही हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तरी कळायला हवं होतं. व्हिसासाठी काय काय करावं लागलं ते सांगत बसत नाही. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, बाकीच्यांनी सुखात राहावं.

तिला चीन बघायचा नव्हता. बघायचा होता बाबांना. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि दर रविवारी वस्तीतल्या विहारात वंदना घ्यायचे. आमच्याकडे एकानं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती मागून म्हणायची, अशी पद्धत. बाबांचा आवाज इतका लहान की तो पहिल्या रांगेच्या पुढं जायचा नाही. मागून लोक ओरडायचे, "मोठ्यानं, साहेब!" बाबा मान हलवायचे आणि पुढची ओळ तितक्याच आवाजात म्हणायचे. घरी संध्याकाळी दोघंच बसायची. आईच्या डावीकडे बाबा, ते म्हणायचे आणि आई मागून म्हणायची. वंदना झाली की बाबांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "धम्म चीनपर्यंत पायी गेला, आणि आपल्याला बर्डीच्या बाजारापर्यंत जायला ऑटो लागतो." रिटायर झाल्यावर चीनला जाऊ, तिथल्या जुन्या विहारात बसून वंदना म्हणू, असं ते म्हणत राहिले. रिटायर झाले, भोपाळपर्यंत जाऊन आले, आणि दोन वर्षांपूर्वी गेले.

विमानात आईनं मला बजावून सांगितलं, "तिथं एकदा वंदना म्हणायची आहे. त्यांची राहिली. बाकी मला ती भिंतबिंत काही दाखवू नको."

भिंत ग्वांगझोला नाही, हे मी सांगितलं नाही. तेवढंच एक काम कमी झालं.

माझ्याकडे मोकळा असा एकच दिवस होता, रविवार. आईनं पांढरी साडी नेसली आणि आम्ही शहरातल्या सगळ्यांत जुन्या समजल्या जाणाऱ्या बौद्ध मंदिरात गेलो. दारातच प्रत्येकाच्या हातात तीन अगरबत्त्या देत होते. आत शिरल्यावर समोर पोट सुटलेला, हसणारा बुद्ध. आई त्याच्याकडे, ती माझ्या धाकट्या मामाकडे बघते तशी बघत राहिली. दोन्ही बाजूंना छतापर्यंत उंच चार पुतळे होते. एकाच्या हातात तलवार, एकाच्या हातात कसलंसं तंतुवाद्य, सगळ्यांचे डोळे वटारलेले.

"हे कोण?"

"रखवालदार असतील."

"बुद्धाला रखवालदार कशाला?"

मी म्हटलं, पुढं चल.

पुढं अंगणात सगळं ग्वांगझो लोटलं होतं. लोक अगरबत्त्या कपाळाला लावून चारी दिशांना वाकत होते. धुरानं डोळे चुरचुरत होते. एका मोठ्या धातूच्या पात्रात लांबून नाणी फेकायची चढाओढ चालली होती आणि नाणं आत पडलं की टाळ्या. झाडाला हजारो लाल फिती बांधलेल्या होत्या. मी फोनचा कॅमेरा धरून त्यावरचा मजकूर आईला वाचून दाखवला, ही माझी चूक. एका फितीवर मुलाला चांगल्या कॉलेजात ॲडमिशन मागितली होती. दुसरीवर फ्लॅट. तिसरीवर नवऱ्याची बदली.

मुख्य सभागृहात तीन भव्य सोनेरी बुद्ध होते, आणि खरं सांगते, त्यांचे चेहरे पाहून मी फोन खाली घेतला. बाबा असते तर दारातच थांबले असते, चप्पल हातात घेऊन. आई समोर उभी राहिली. लाउडस्पीकरवर कसलं तरी पठण चालू होतं. मागचे लोक पुढं ढकलत होते. तिनं हात जोडले, थोडा वेळ तशीच थांबली, आणि हात सोडून बाहेर आली.

"इथं नाही."

"अगं, हाच बुद्ध आहे."

"बुद्ध हाच आहे. पण हे सगळे नवस करून राहिले. ज्यानं सांगितलं की मागू नका, त्यालाच फ्लॅट मागून राहिले."

मला संताप आला. अर्धी पृथ्वी ओलांडून आलो होतो, पाय दुखत होते आणि हिला चिनी लोकांना सुधारायचं होतं. पण वंदना राहिली असती तर ती पुन्हा कधी होणार नव्हती, हे मला दिसत होतं. तिलाही दिसत होतं. चेहरा पडला होता तिचा, आणि चेहरा पडला की ती जास्त ताठ चालते. मी मॅप काढला. जवळच टेकडीवर आणखी एक प्राचीन मंदिर होतं. चीनमध्ये प्राचीन मंदिर म्हणजे बुद्धाचंच असणार, असं मी धरून चालले. नागपुरात आम्हाला रस्त्याच्या पलीकडून कळतं, विहार कुठलं आणि देऊळ कुठलं. झेंड्याच्या रंगावरून कळतं, दारातल्या घंटेवरून कळतं. पण हे कळणं नागपूरपुरतंच असावं.

पायऱ्या चढून वर गेलो तर चिटपाखरू नाही. दगडी अंगण, एक म्हातारं झाड आणि झाडाखाली संत्री सोलत बसलेली एक बाई. सभागृहात अंधुक लाल दिवे होते आणि त्यामागं तीन मूर्ती होत्या. तिघांना लांब काळ्या दाढ्या. चिनी बुद्धाला दाढी असू शकते, असं मी मनाला समजावलं. आधीच्या ठिकाणी पोट होतं, इथं दाढी.

आईनं बाहेर कान देऊन ऐकलं. आत येऊन परत ऐकलं. मग म्हणाली, "इथं म्हणू."

जमिनीवर गुडघे टेकायला दोन उशा होत्या. आई उजवीकडच्या उशीवर बसली. डावीकडची जरा तिरकी होती, ती हातानं सरळ केली. वस्तू सरळ करणं ही तिची जुनी खोडच आहे. मग हात जोडले आणि डोळे मिटून गप्प बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासंबुद्धस्स." आणि पुन्हा गप्प.

जी बाई झोपेतही वंदना म्हणेल, तिला ओळ आठवत नव्हती. वय, दुसरं काय. मी हळूच पुढची ओळ सांगितली.

डोळे न उघडता आई म्हणाली, "तू मधे बोलू नको."

मग तिनं त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं, सगळं म्हटलं. दर ओळीआधी थांबायची आणि मग म्हणायची. एवढी सावकाश वंदना मी कधी ऐकली नव्हती. मी मागून एक फोटो काढला. बाहेर येताना निळा अंगरखा घातलेला, केसांचा बुचडा बांधलेला एक पुजारी आमच्याकडे बघून हसला. भिक्खूला केस कसे, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आला. दाराशी पाटी होती. मी फोन धरला. पाटी म्हणत होती की हे ताओ पंथाचं फार जुनं मंदिर आहे आणि आतले तिघे त्यांचे सर्वोच्च देव.

मी पाटी दोनदा वाचली. मागे वळले तर आई पायरीवर बसून संत्र्याच्या फोडी खात होती, त्या झाडाखालच्या बाईनं दिलेल्या. बाबा गेल्यापासून तिचा चेहरा इतका निवांत मी पाहिला नव्हता.

"नागपूरसारखं नाही," ती म्हणाली. "पण ठीक आहे."

मी फोन पर्समध्ये टाकला. जन्मभर जिनं अंगारा परत पाठवला तिला काय सांगणार होते?

जर्सी सिटीत आमच्या बिल्डिंगच्या पार्टी रूममध्ये आम्ही काही मराठी बौद्ध कुटुंबं महिन्यातून एकदा जमतो. आधी खाणं होतं, मग वाद होतात, मग वंदना. त्या खोलीत एक जुना फ्रीज आहे, तो ट्रकसारखा घरघरतो. चीनहून आल्यावरच्या रविवारी सगळ्यांनी आईला अनुभव सांगायला लावलं आणि माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीनं मला न विचारता माझे फोटो टीव्हीवर लावले.

तो फोटो आला. पाठमोरी आई, समोर तिघे.

मुलगी म्हणाली, "आजी, वेट. दीज आर नॉट बुद्धाज. दे हॅव बिअर्ड्स."

आमच्यात एक काका आहेत, मूळचे पुण्याचे. वंदना नेहमी तेच घेतात आणि त्यांना प्रत्येक गोष्टीचा खुलासा लागतो. ते चष्मा लावून टीव्हीजवळ गेले. "ताई, गैरसमज नको. पण मी शांघायला प्रोजेक्टवर होतो. हे ताओ लोकांचे देव आहेत. म्हणजे टेक्निकली आपण देवापुढं..."

"अरे यार काका, चिल," मुंबईचा एक मुलगा म्हणाला. "बावीस प्रतिज्ञांमध्ये चिनी देव कुठंयत?"

"प्रतिज्ञेचा स्पिरिट बघायचा!"

धम्म घेताना जे देव सोडले त्यांची नावं बावीस प्रतिज्ञांत आहेत; चिनी देव त्यांत नाहीत, हे खरंच आहे. त्यांच्याशी आपलं कधी भांडणच नव्हतं. पण वाद रंगला, आणि मी आईकडे बघायचं टाळत होते. लाज वाटत होती, तिची नाही, माझी.

"मला माहीत होतं," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"माझ्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. दाढी दिसते मला."

"मग म्हटलीस कशाला?" मी विचारलं.

"मी त्यांना कुठं म्हटली? ते बसले होते, बसू दे. त्यांचं घर आहे." मग माझ्याकडे वळून, शाळेत ढ मुलीला समजावून सांगावं तसं म्हणाली, "आधीच्या ठिकाणी केवढा कल्ला होता. तुझ्या बाबांचा आवाज किती असतो, तुला माहीत नाही काय? तिथं मला ऐकू आला असता काय?"

आई ओळी विसरत नव्हती. आधी बाबा म्हणत होते, मग ती म्हणत होती. आणि मी मधेच तोंड घातलं होतं. मला तिथंच रडू आलं, सगळ्यांसमोर, हातात पेपर प्लेट घेऊन.

वंदनेची वेळ झाली. सगळे कार्पेटवर बसले. आई बसली आणि तिच्या डावीकडची जागा कुणी न सांगता मोकळी राहिली. काका नेहमीप्रमाणे पुढं येऊन बसतील असं वाटलं, पण ते भिंतीकडे गेले, वाकले आणि त्यांनी फ्रीजचा प्लग काढला. आत कुणाचा तरी केक होता. खोली शांत झाली. काका मागच्या रांगेत जाऊन बसले. आईनं हात जोडले, आणि पहिल्या ओळीसाठी आम्ही सगळे थांबलो.