धुलाईअण्णांचं एकशेवीस

धुलाईअण्णांची आणि माझी ओळख एका थोबाडीतून झाली. मारली त्यांनी, खाल्ली मी. भर दुपारी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून मी कॅमेऱ्याचं पाठचं दार उघडलं, संपलेला रोल बाहेर काढला आणि त्याची कागदी पट्टी जिभेने ओली करून चिकटवू लागलो, एवढाच माझा गुन्हा. आतून एक आडदांड म्हातारा आला. डाव्या हाताने त्याने रोल काढून घेतला, बनियनच्या आत थेट पोटाशी सरकवला आणि उजव्या हाताने मला अशी ठेवून दिली की माझा चष्मा गटाराच्या काठावर जाऊन थांबला.

"ओली बाळंतीणसुद्धा पोर असं उन्हात नागडं करत नाही," तो गरजला. "सावली मेली होती का रे?"

मग चष्मा त्यानेच उचलला, पायजम्याला पुसला, माझ्या नाकावर बसवला आणि विचारलं, "कधी पाहिजे?"

या थोबाडीपर्यंत पोचायला मी अर्धा जिल्हा पालथा घातला होता. आठवडी बाजारांचे फोटो काढत हिंडायचं मला वेड आहे, आणि तेही जुन्या, दोन भिंगांच्या, पोटाशी धरायच्या कॅमेऱ्याने. त्याला रुंद रोल लागतो. धंद्यात त्याला एकशेवीस म्हणतात. हा रोल आता मिळत नाही आणि मिळाला तर धुऊन मिळत नाही. स्टुडिओ गावोगाव आहेत. त्यांत ड्रोन आहेत, धूर सोडायची यंत्रं आहेत, नवरानवरीला बसवायला प्लॅस्टिकची चंद्रकोर आहे. रोल म्हटलं की तिथली मुलं "व्हेज का पनीर?" असं विचारतात. मालेगावात एका स्टुडिओवाल्याला मी मोठ्या आशेने विचारलं, "एक सौ बीस है क्या?" त्याने आदबीने शेजारच्या पानटपरीकडे बोट दाखवलं. टपरीवाल्याने चुना, कात आणि एकशेवीस नंबरची तंबाखू घातलेलं पान हातावर ठेवलं. नको म्हणणं बरं दिसेना, म्हणून खाल्लं. पुढचा तासभर हमरस्त्याच्या कडेला डोकं धरून बसलो होतो. शेवटी चांदवडला एका म्हाताऱ्या फोटोग्राफरने पत्ता सांगितला. "नाशिकला एक आहे," तो म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून, "पण मारतो."

भद्रकालीतल्या त्या दुकानावर पाटी होती : 'येथे रोल धुऊन मिळतील.' खाली कोणीतरी खडूने लिहिलं होतं, 'गिऱ्हाईकसुद्धा.' अण्णांनी ते पुसलं नव्हतं. मराठीत रोलही धुतात आणि माणसंही, आणि या दोन कामांत अण्णांनी कधी फारसा फरक केला नाही. "आधी धुवायचं, मग बोलायचं," हे त्यांचं ब्रीद दोन्हीकडे चालायचं. तरुणपणी ते तालमीत होते. कुस्ती सुटली, पंजे राहिले.

या पंज्यांपुढे कोणाची प्रतिष्ठा टिकत नसे. लग्नाआधीचे फोटो काढणारा एक तरुण त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, "काका, आपल्याला जरा जुना फील पाहिजे." अण्णांनी बसायचं लोखंडी स्टूल त्याच्या अंगावर फेकलं. "हे माझ्या बापाचं आहे. आला का फील?" पोराच्या नडगीला आला. एका संस्थेने त्यांना जीवनगौरव द्यायचं काढलं. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि संस्थेचे चिटणीस माइकवर म्हणाले, "अंधारातून प्रकाशाकडे नेणारे आपले अण्णा..." अण्णा उठले. "अंधारातून प्रकाशात नेलं की रोल जळतो, गाढवा!" असं म्हणून त्यांनी श्रीफळ फेकलं. चिटणिसांना खांद्यावर पट्टी बांधून आभार मानावे लागले. मी आजवर ऐकलेल्या सत्कारांच्या भाषणांत अर्थाची चूक इतक्या तत्परतेने दुरुस्त झालेली दुसरी पाहिली नाही.

आणि हाच माणूस डार्करूममध्ये गेला की वेगळा व्हायचा. पूर्ण काळोखात एकशेवीसची फिल्म तिच्या कागदापासून सोडवून चकरीवर चढवायची असते. ती नुसत्या बोटांना कळते. मला त्यांनी एकदाच आत उभं राहू दिलं. "श्वास हळू घे," ते कुजबुजले. त्यांचा तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. "ही दुमडली की फोटोत चंद्रकोर उमटते. मग ती जन्मात जात नाही. माणसाला मारलं तर वळ जातो, हिला मारलं तर नाही." डबा झाकून ते तो पाळण्यासारखा हलवत होते.

अण्णांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, त्यांच्यासाठी एक नियम केला होता. धुतलेला रोल न्यायला आलेलं गिऱ्हाईक काही ना काही बोलायचंच, आणि अण्णांचा हात उठायचाच. म्हणून काकू म्हणाल्या, "धुवायचं तुम्ही, द्यायचं दुसऱ्याने." तेव्हापासून तयार रोल समोरच्या रज्जाकभाईंच्या पानटपरीवर ठेवलेले असत. गिऱ्हाइकाने तिथे जाऊन एकशेवीस मागायचं. रज्जाकभाई कात लावता लावता विचारत, "कोणतं? खायचं की बघायचं?" मालेगावच्या अनुभवानंतर मी उत्तर द्यायला कधी चुकलो नाही.

एका वर्षी मी हरसूलच्या बाजारात होतो. तिथे एका पुढाऱ्याच्या गाड्या घुसल्या. त्याचं नाव सांगत नाही. फलकांवर त्याच्या नावाआधी 'भावी आमदार' असतं, आपण भावीच म्हणू. पहिली गाडी सोमा नावाच्या म्हाताऱ्याच्या नाचणीच्या, तिकडच्या भाषेत नागलीच्या, ढिगावरून गेली. सोमा माप घालत होता. एका हातात तराजू तसाच धरून त्याने दुसरा हात गाडीच्या टपावर आपटला. भावी स्वतः खाली उतरला. आपल्या एका पोराच्या हातातली काठी घेऊन त्याने सोमाच्या मनगटावर घातली, मग खांद्यावर, मग तो पडल्यावर पाठीवर. काठी नागलीत बसली की धूळ उडायची आणि माणसावर बसली की आवाज व्हायचा. त्याची माणसं लोकांचे मोबाइल हिसकावून सगळं पुसून टाकत होती. माझ्याजवळ येऊन थांबली. मी पोटाशी कॅमेरा धरून मान खाली घातली होती, कारण त्यात वरून वाकूनच बघावं लागतं. त्यांना वाटलं, मी घाबरलोय. एकाने खोक्याकडे बघून विचारलं, "कार्ड कुठंय यात?" मी खरं सांगितलं, "कार्ड नाही." "अँटिक दिसतंय," म्हणून ती पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी कळलं की कोठडीत सोमाच आहे. कोयता घेऊन भावीच्या अंगावर धावून गेला, अशी तक्रार होती, आणि ती खरी म्हणणारे वीस जण होते. सोमाची बायको मला शोधत आली. "माझे मालकाचे हातात कोयता नव्हता," ती म्हणाली. "तराजू होता. तुमी पायला ना?"

मी पाहिला होता. पण पाहिलेलं कोणी मानत नाही. रोलमध्ये होता तो खरा तराजू, आणि तो रोल त्याच दुपारी मी अण्णांच्या हातात दिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "हातात काय होतं म्हणतोस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते आत गेले आणि आतून कडी लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्कूटर लावून, हेल्मेट तसंच डोक्यावर ठेवून दुकानापाशी आलो, तर अर्धं शटर खाली होतं. माझ्या खोक्यात कार्ड नसलं तरी रोल असतो, हे भावीच्या माणसांना एव्हाना कळलं होतं, आणि त्यांनीही चांदवडला कोणालातरी विचारलं असणार. 'नाशिकला एक आहे' एवढं त्यांनी ऐकलं. पुढचं ऐकायला थांबले नसावेत, कारण त्यांतला एक पायरीवर बसून नाकातून गळणारं रक्त शर्टात झेलत होता. आत दोघे होते. फोटो मोठे करायचं यंत्र जमिनीवर पडलं होतं आणि त्याचं भिंग बुटाखाली फुटलं होतं. ट्रे उलटे, सगळीकडे हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, आंबट वास. अण्णांचा ओठ फाटला होता. एकाने त्यांची मान काउंटरवर दाबून धरली होती.

"रोल कुठाय, म्हाताऱ्या?"

अण्णांनी शटरखालून मला पाहिलं. हेल्मेट असूनसुद्धा ओळखलं. आणि गरजले, "तू काय बघतोस रे, भडव्या? टपरीवर माझं एकशेवीस सांगून ठेवलंय. ते घे आणि चालता हो!"

मान धरणारा हसला. "बघ बघ. मार खातोय आणि वर पान पाहिजे याला." आणि मला म्हणाला, "जा रे, आण. तसंही तोंड रंगवायचंच आहे याचं."

मी रस्ता ओलांडला. रज्जाकभाईंनी विचारायच्या आधीच मी म्हणालो, "बघायचं." त्यांनी पानांच्या ओल्या फडक्यामागून कागदाची पुडी काढून दिली. मी ती बनियनच्या आत, पोटाशी सरकवली. तेवढ्यात मागे शटर आपटलं. शटर आपटल्याचा आवाज रोजचाच असतो. हा तसा नव्हता, कारण ते जमिनीला लागलं नाही. मध्ये अण्णांचा उजवा हात होता.

अण्णा ओरडले नाहीत. रज्जाकभाई ओरडले. सोड्याच्या दोन बाटल्या मानेला धरून ते धावले. त्यांच्यामागे मी, भांडीवाले, मसाल्याच्या गिरणीतली माणसं. आम्ही शटर उचललं तेव्हा मागच्या दाराने काकू आत आल्या होत्या, हातात खलबत्त्यातला पितळी बत्ता. शटर ओढणाऱ्याच्या मनगटावर तो बसला आणि मनगट भलत्याच बाजूला वळलं. पुढे गल्लीने त्या तिघांना धुतलं. कोणी काय मारलं ते सांगता येत नाही. मी हेल्मेट मारलं.

"आयुष्यभर ह्यांना सांगत आले, हात उचलू नका," काकू नंतर इस्पितळात म्हणाल्या. "काल मीच उचलला. बरं वाटलं हो."

फोटो वकिलाने कोर्टात दाखवला. त्यात भावीची काठी हवेत आहे, सोमाच्या एका हातात तराजू आहे, दुसऱ्यात काही नाही. सोमा सुटला. त्याचं मनगट जरा वाकडं जुळलं. तो आता मापताना दुसरा हात वापरतो. भावीवर खटला चालू आहे, आणि फलकांवर तो अजून भावीच आहे. काही माणसांना वर्तमानकाळ लाभत नाही.

अण्णांची बोटं जुळली, पण वळली नाहीत. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं लाकडासारखी झाली. चकरीवर फिल्म चढवणं संपलं. गिऱ्हाइकं यायची, अण्णा पायरीवरूनच त्यांना परत पाठवायचे, आणि कोणालाही मारायचे नाहीत. गल्लीला ते सहन होईना. भांडीवाला मला म्हणाला, "काहीतरी करा साहेब. काल एकजण त्यांना 'विंटेज अंकल' म्हणाला आणि चालत परत गेला."

मी एक रोल घेऊन गेलो. त्यातला शेवटचा फोटो अण्णांचाच होता, दुकानाच्या पायरीवर बसलेले, सावलीत. "धुऊन द्या," म्हटलं. त्यांनी लाकडी बोटं माझ्यासमोर धरली. मग उठले. "चल आत. तू धू."

काळोखात ते माझ्या मागे उभे होते. मी कागद सोडवला, फिल्मची कड शोधली, चकरीत घातली. अगदी शेवटाशी ती अडली. मी जोर केला आणि फिल्म दुमडल्याचा बारीक, कोरडा आवाज झाला. तो आवाज अण्णांनी ऐकला नसेल, हे शक्यच नव्हतं. मी डोळे मिटले आणि गाल घट्ट केला. मागे हात उचलल्याची सळसळ झाली. मी वाट पाहिली. बराच वेळ काही झालं नाही. मग ती न वळणारी बोटं माझ्या खांद्यावर येऊन टेकली. "श्वास हळू घे," ते म्हणाले.

रोल वाळल्यावर आम्ही दोघांनी तो उजेडात धरला. सगळे फोटो ठीक आले होते, शेवटचा सोडून. अण्णांच्या डाव्या गालावर, कानापासून ओठापर्यंत, एक स्वच्छ चंद्रकोर उमटली होती.

त्यांनी तो फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, गालावर हात फिरवला.

"धुतलास मला," ते म्हणाले.